पांढऱ्या अळ्यांचे दिवस

पप्पांनी फिश टँक बारामतीहून एसटीनं आणला, मांडीवर, जुन्या चादरीत गुंडाळून. इंदापूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा त्यांचे दोन्ही पाय बधिर झाले होते, आणि तरी ते हसत होते. पप्पा सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त आणि थुंकी काचपट्टीवर पसरून बघणाऱ्या माणसाला घरी आल्यावर काहीतरी रंगीत, हलणारं बघावंसं वाटलं असेल, असं मला आता वाटतं. तेव्हा कुणी कारण विचारलं नाही. चार गोल्डफिश, तळाला टाकायचे बारके खडे, एक प्लॅस्टिकचं झाड, खाण्याची डबी आणि हवेचा पंप, एवढं सगळं त्या दिवशी आमच्या पुढच्या खोलीत आलं आणि चंद्राआत्याच्या कॉटच्या उशाशी, भिंतीला लावलेल्या टेबलावर मांडलं गेलं.

चंद्राआत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. तिला बावड्याला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि मी तीन वर्षांची असताना ती चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडं आली ती राहिलीच. आई पळसदेवच्या शाळेत शिक्षिका होती, सकाळच्या गाडीनं जायची ती दिवे लागायला परत यायची. त्यामुळं मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, मारलं आणि जवळ घेतलं ते आत्यानंच. तिला ‘प्रज्ञा’ हे नाव जमायचं नाही. ती मला ‘पग्या’ म्हणायची, आणि तेही अशा आवाजात, की मी चार घरं पलीकडं खेळत असले तरी ऐकू यावं. शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलायची सवय तिला होती. शेजारी बसलेल्या माणसाशीही ती त्याच पट्टीत बोलायची.

तिच्या स्वयंपाकाचे आवाजही तसेच होते. भाकरी थापताना परातीवर पडणारा तिचा हात रस्त्यावरून ऐकू यायचा. उखळीत शेंगदाणे, लसूण आणि लाल तिखट कुटताना ती एकेका घावाला ‘हं’ म्हणायची. भिगवणकडून मासे घेऊन येणारी बाई दारात बसली की दोघींची घासाघीस सुरू व्हायची, आणि शेवटी बाई चिडून एखादी चिलापी जास्तीची टाकून जायची. त्या दिवशी आत्या तव्यावर चिलापीचे तुकडे लालसर भाजायची, आणि पुढच्या खोलीतले चार मासे काचेला तोंड लावून आमच्याकडं बघत असायचे. “ही खायाची न्हाईत तर पोसायची कशाला रं मधू?” असं तिनं पप्पांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पण आठवड्याभरात तीच त्यांना ‘माझ्या पोरी’ म्हणायला लागली. दुपारचं जेवण ती कॉटवर बसून, टँककडं तोंड करून जेवायची. स्वयंपाकघरात पाटावर बसायला तिचे गुडघे वाकत नसत, म्हणून त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मी आठवीत असताना एका दुपारी पहिली अळी बघितली. माझी शाळा सकाळची होती. जेवून मी टँकजवळ अभ्यासाला बसले होते. काचेवर आतून एक पांढरा केस चिकटलाय असं वाटलं. आत्याचा असेल म्हणून मी बोटानं बाहेरून काच पुसली. केस हलला. त्यानं स्वतःला आधी एका बाजूला वळवलं, मग दुसऱ्या, आणि सावकाश वर चढायला लागला. मी डोळे काचेला लावले तेव्हा दिसलं की असे खूप आहेत. खड्यांच्या फटीफटीतून अर्धे बाहेर येऊन ते सगळे एकसारखे डुलत होते, जणू तळाला बारीक पांढरं गवत उगवलं होतं आणि त्याला आतून वारा लागत होता.

“आत्या, किडे!” मी ओरडले.

आत्या शेजारीच होती. तिनं वळून बघितलंही नाही. “पाण्यात किडं असायचंच,” ती म्हणाली. तिचा आवाज मला जरा खालचा वाटला. पण ते मला आज आठवतंय. त्या दिवशी मी फक्त किडे बघत होते.

संध्याकाळी पप्पांनी ड्रॉपरनं दोन-तीन किडे एका बाटलीत घेतले आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मायक्रोस्कोपखाली बघितले. घरी येऊन मला समजावून सांगितलं. “ह्या अळ्या नाहीत. अळीचं पुढं पाखरू होतं, ह्यांचं काही होत नाही. ही गांडुळाच्या भावकीतली. माशाला चावत नाहीत, माणसाला काही करत नाहीत. खाल्लेलं उरलं, कुजलं, की त्याच्यावर वाढतात. म्हणजे कुणीतरी खाणं जास्त टाकतंय.” हे म्हणताना ते माझ्याकडं बघत होते. डबी माझ्या ताब्यात होती. मी चिमूटभरच टाकते असं परोपरीनं सांगितलं, तरी डबी कपाटात गेली आणि किल्ली पप्पांच्या खिशात. पप्पांनी अर्धं पाणी बदललं, खडे ढवळून घाण ओढून काढली. चार दिवस काच स्वच्छ राहिली. पाचव्या दिवशी अळ्या परत आल्या, आधीपेक्षा जास्त. आम्ही सगळे त्यांना अळ्याच म्हणत राहिलो.

त्या उन्हाळ्यात दुपारी लाईट जायची. तोपर्यंत पंपाची घरघर इतकी अंगवळणी पडली होती की ती बंद झाल्यावरच ऐकू यायची. पंखा थांबायचा, पंप थांबायचा, गल्लीतला रेडिओ थांबायचा, आणि मग टँकमध्ये ते सुरू व्हायचं. पंप बंद पडला की पाण्यातली हवा कमी होते आणि तळातले किडे वर येतात, असं पप्पांनी मला नंतर सांगितलं. कारण साधंच आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीला त्या शांततेत जे दिसत होतं ते साधं नव्हतं. आवाज थांबायचीच वाट बघत असल्यासारख्या त्या शेकडो अळ्या खड्यांतून सुटायच्या आणि वळवळत वर यायच्या. सगळं पाणी हलायला लागायचं. आणि चारी मासे, जे आता लिंबाएवढे जाड झाले होते, त्यांच्यामधून शांतपणे फिरायचे आणि तोंड उघडून मिटायचे.

समोर कॉटवर आत्या जेवत बसलेली असायची. एका दुपारी मी दारातून बघत होते. तिची माझ्याकडं पाठ होती, पण तिचा चेहरा मला काचेत दिसत होता. तिनं घास तोंडात घेतला, बराच वेळ चावला, मग मान पुढं काढून, डोळे मिटून गिळायचा प्रयत्न केला. काचेतल्या तिच्या गळ्यावरून अळ्या वर चढत होत्या. घशातून ‘टक’ असा आवाज आला. तिनं तांब्या तोंडाला लावला. मी तशीच मागं सरले आणि न्हाणीत जाऊन पायांवर पाणी ओतत उभी राहिले. त्या दिवसापासून मला शेवया खाता आल्या नाहीत. भातसुद्धा मी बोटांनी पसरून, एकेक शीत बघून खायची. पिण्याचं पाणी फडक्यातून गाळायची.

आत्या वाळत चालली होती, हे मला तेव्हा दिसत होतं. ते दुसऱ्या कुणाला कसं दिसलं नाही, हा प्रश्न मी पप्पांना कधीच विचारला नाही. आई अंधार पडता पडता घरी यायची, पप्पा दवाखान्यातून दमून यायचे, आणि रात्री आत्या म्हणायची, “मी मघाशीच जेवले, तुमी बसा.” पण तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. पोलक्याला तिनं दोन्ही बाजूंनी पिना लावल्या होत्या. भाकरी थापायचा आवाज आता रस्त्यावर जात नव्हता. आईनं एकदा विचारलं तर म्हणाली, “उन्हाळा हाय. उन्हाळ्यात कुणाला जेवान जातंय?”

शेजारच्या पारूबाईंनी मात्र ओळखलं, त्यांच्या पद्धतीनं. पीठ मागायला आल्या होत्या. टँककडं बघितलं, आत्याकडं बघितलं, आणि बाहेर अंगणात मला जवळ ओढून म्हणाल्या, “पोरी, ती पेटी घरातनं काढा. मासं बघ कसं फुगल्यात, आन् बाई बघ कशी वाळली. वढून घेतंय ते तिला.”

आमच्या घरात असलं काही चालत नसे. भिंतीवर बुद्धाचा फोटो होता, त्याच्यापुढं मेणबत्ती लागायची, तेवढंच. अंगारा, उतारा, नजर, हे शब्द पप्पांसमोर काढायची सोय नव्हती. “डोळ्यानं दिसंल तेवढं मानायचं, न दिसंल ते मायक्रोस्कोपखाली बघायचं,” हे त्यांचं वाक्य. पण मी तर डोळ्यांनीच बघत होते. मासे फुगत होते. आत्या आटत होती. मधे ती पांढरी वळवळ होती. पारूबाईंचं बोलणं मी मनातून काढायचा प्रयत्न केला, पण ते निघालं नाही.

आणि मग एके दिवशी शाळा लवकर सुटली. वर्गशिक्षिकांच्या घरी कुणीतरी वारलं होतं. मी घरी आले तेव्हा लाईट गेलेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या टँकजवळ उभी होती, वरचं झाकण उघडलेलं होतं, आणि ती पाण्यावर वाकून काहीतरी पुटपुटत होती. “घ्या गं बायांनो, घ्या. तुमी तरी घ्या.” मग तिनं ओंजळ तोंडाशी नेली, तोंडातलं हातावर काढलं, आणि तो ओला गोळा हळूच टँकच्या मागच्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या झाडामागं सोडला. मासे धावले. तळातल्या अळ्याही तिकडंच वळल्यासारख्या वाटल्या. तिनं ताटातला दुसरा घास घेतला. चावला. डोळे मिटले. गिळायचा प्रयत्न केला आणि खांदे उडाले. परत ओंजळ.

माझ्या हातातलं दप्तर पडलं.

आत्यानं झाकण लावलं, पदरानं तोंड पुसलं आणि कॉटवर बसली. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, “हितं ये.” मी गेले. “घास उतरत न्हाय गं पग्या. हितं आडतंय.” तिनं छातीवर बोट ठेवलं. “लई दिस झालं. आधी भाकरी आडायची. आता दूधभाकरबी आडती.”

“मग पप्पांना सांग ना!”

“मधूला सांगितलं की त्यो पुण्याला न्हेनार. बावड्यात आमच्या जाऊला न्हेली हुती. फाडून शिवली आन् माघारी धाडली. मला न्हाय जायाचं.”

“मग टाकून दे. टँकमध्ये कशाला टाकतेस?”

ती माझ्याकडं बघत राहिली. “दुष्काळात खडी फोडलीया मी. आन्न उकिरड्यावं न्हाय टाकायची. कुनाच्या तरी तोंडात जातंय, तेवढं बरंय.”

मग तिनं माझा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. कातडी गरम आणि सैल होती. तिनं थुंकी गिळली तसं माझ्या बोटांखाली काहीतरी वर सरकलं आणि अडखळत खाली गेलं. “गळ्याशप्पत घे. कुनाला बोलनार न्हाईस.”

मी घेतली.

नऊ दिवस मी गप्प होते. त्या नऊ दिवसांबद्दल लिहायला मला आजपर्यंत जमलं नाही, आणि आताही नीट जमेल असं वाटत नाही. आम्ही शपथा मानणारी माणसं नव्हतो. पण माझ्या बोटांना तो गळा लागला होता. मी बोलले की त्यालाच काहीतरी होणार, असं मला पक्कं वाटत होतं. आणि मी बोलले नाही तर तिला अळ्या खाणार, असंही वाटत होतं. रोज दुपारी लाईट गेली की मी मागच्या पायरीवर जाऊन बसायची, कानांवर हात ठेवून. आत झाकण उघडल्याचा आवाज तरीही यायचा. एकदा पप्पांनी मला परत विचारलं, “तू चोरून काही टाकतेस का?” मी म्हणाले, “हो.” त्यांनी मला त्याआधी कधी मारलं नव्हतं, तेव्हाही मारलं नाही. फक्त म्हणाले, “तुझ्याकडनं हे वाटलं नव्हतं.” आत्या दारात उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही. मला तिचा राग आला. तो राग कितीतरी वर्षं माझ्या मनात होता, हेही इथं लिहून ठेवते.

रविवारी सकाळी पप्पांनी टँक पूर्ण रिकामा करायचं ठरवलं. मासे बादलीत काढले, नळीनं पाणी अंगणात सोडलं. आई कपडे धूत होती. मी बादलीजवळ बसले होते. आत्या कॉटवर भिंतीकडं तोंड करून झोपली होती. पाणी खाली गेलं तशी आंबलेल्या पेजेसारखी घाण खोलीत पसरली. पप्पांनी प्लॅस्टिकचं झाड उपटलं. त्याच्या बुडाशी खडे दिसत नव्हते. करडा, मऊ, वाटीएवढा ढीग होता, आणि तो सगळा ढीग जिवंत होता. हजारो पांढरे धागे एकमेकांत गुंतून आत-बाहेर करत होते. आई दारात आली आणि तोंडाला पदर लावून तशीच थांबली.

“प्रज्ञा, हे काय टाकलंस तू?” पप्पा म्हणाले.

“भाकरी.”

त्यांनी दवाखान्यातून आणलेल्या चिमट्यानं ढिगाचा वरचा, ताजा तुकडा उचलला आणि बशीत ठेवला. चिमट्याच्या टोकानं तो पसरला. रोजच्या कामाच्या सवयीनं ते वाकून, सावकाश बघत होते. मग त्यांचा हात थांबला.

“हे कुस्करलेलं नाही,” ते म्हणाले. “हे चावलेलं हाय.”

 बाहेर नळाला पाणी आलं होतं आणि त्याखालची बादली भरून वाहायला लागली होती. पप्पांनी आधी माझ्याकडं बघितलं. मग आईकडं. मग त्यांनी मान वळवली, आणि ते कॉटकडं बघत राहिले. पातळ पांघरुणाखालून आत्याच्या खांद्याचं हाड वर आलं होतं. मला वाटतं त्या एका क्षणात त्यांनी गेले तीन-चार महिने सगळे एकदम बघितले. ते कॉटजवळ गेले, जमिनीवर बसले आणि त्यांनी तिच्या पायाला हात लावला.

“अक्का, कवापासनं?”

आत्या वळली नाही. भिंतीकडं बघतच म्हणाली, “संक्रांतीपासनं.”

“आगं मी रोज गावाचं रक्त तपासतो,” पप्पा म्हणाले. तोंडावर हात दाबून ते रडायला लागले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं. तेव्हा आत्या उठून बसली आणि पूर्वीच्या मोठ्या आवाजात ओरडली, “आरं गप, मेले न्हाय मी अजून! सुमन, ह्याला पानी दे.” सुमन म्हणजे माझी आई. आईनं आधी बाहेर जाऊन नळ बंद केला.

पुण्याला नेलं. अन्ननलिकेत गाठ होती. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती, पण रेडिएशनचे शेक दिले, औषधं दिली, आणि पोटातून नळी बसवून दिली. त्या नळीतून पातळ अन्न घालायचं. अळ्या झाल्या नसत्या तर आम्हाला कळलं असतं ते ती पडल्यावरच, असं पप्पा लोकांना सांगायचे. नऊ दिवसांचं मी त्यांना बारावीनंतर सांगितलं. ते म्हणाले, “नऊ दिवसांनी काही फरक पडला नसता.” ते मायक्रोस्कोपवर विश्वास ठेवणारे गृहस्थ, खोटं बोलायचे नाहीत. पण हे वाक्य बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नव्हतं. ते खरं होतं की नाही हे शोधून काढता आलं असतं. मी काढलं नाही. टँक एका डॉक्टरांच्या मुलाला दिला, माशांसकट. पारूबाईंना वाटलं त्यांचं ऐकलं, आणि आम्ही त्यांची समजूत काढली नाही.

आत्या त्यानंतर सात महिने होती. दिवाळी तिनं बघितली. मी शाळेतून आले की दुपारचं नळीतून घालायचं काम माझं.  नळीच्या तोंडाला मोठी सिरिंज लावायची, दांडा काढून टाकायचा, ती उंच धरायची आणि वाटीतलं हळूहळू ओतायचं. दूध, नाचणीचं पातळ, अंड्याचा बलक, गाळलेलं वरण. ते तिच्या जिभेला कधी लागणार नव्हतं, थेट पोटात जात होतं. तरी ती रोज विचारायची, “आज काय हाय?” मी सांगायची, आणि ती नाक वर करून वास घ्यायची.

एका दुपारी, रोज तेच तेच सांगून मला कंटाळा आला होता, की तिची दया आली होती, कुणास ठाऊक. वाटीत नाचणीचं पातळच होतं. तिनं विचारल्यावर मी म्हणाले, “मेथीची भाजी हाय. आन् बाजरीची भाकर.”

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मग डोळे मिटून उशीवर मान टाकली. मी सिरिंज उंच धरली आणि ओतायला लागले. पातळ खाली उतरत होतं तसे तिचे ओठ हळूहळू हलत होते. जबडा सावकाश फिरत होता. रिकाम्या तोंडानं ती चावत होती, नीट, घाई न करता. सगळं संपेपर्यंत चावत होती. मी नळीत पाणी घातलं, चिमटा लावला, तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं.

“कशी झालीया?” मी विचारलं.

तिनं डोळे उघडले नाहीत. जरा विचार केला.

“मीठ कमी हाय,” आत्या म्हणाली.